श्रावणातल्या पाण्याला ऊन कुठून आणायचं?

मागच्या श्रावणात धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावर गेलो होतो. चार दिवस झड लागलेली. पाड्याचं पिण्याचं पाणी उताराखालच्या एका झिऱ्याचं. दगडाच्या कपारीतून पाझरतं, हातभर खड्ड्यात साठतं आणि बाया ते वाटीवाटीने हंड्यात भरतात. उन्हाळ्यात हेच पाणी इतकं नितळ असतं की तळाचे खडे मोजावेत. त्या दिवशी वरच्या शेतातली माती वाहून आली होती आणि पाण्याला चहाचा रंग चढला होता. सोबत नेलेल्या एचटूएसच्या बाटलीत मी खुणेपर्यंत पाणी भरलं, झाकण घट्ट लावलं आणि बाटली अंगणवाडीताईंच्या कपाटात ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारी ताईंनी ती बाहेर काढली तेव्हा आतलं पाणी शाईसारखं काळं झालं होतं. पाण्यात विष्ठेतले जिवाणू असले की बाटलीतलं औषध काळं पडतं, एवढीच ती चाचणी. वीज नको, सूक्ष्मदर्शक नको. १९८२ साली आपल्याच देशातल्या शास्त्रज्ञांनी ती जगापुढे ठेवली. ताई बाटलीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "सर, हेच पाणी सकाळी पोरं प्यायली."

घाट उतरून खाली आलो, मोबाइलला रेंज आली, तर एका जुन्या विद्यार्थ्याने बातमी पाठवलेली. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ साली एक पावडर केली. पाण्यात टाकायची, उन्हात धरायची, आणि साठ सेकंदांत ई-कोलाय जिवाणू जवळपास संपलेले. ९९.९९९ टक्के, म्हणजे लाखातला जेमतेम एक शिल्लक. पावडरीत लोहाचा ऑक्साइड आहे, म्हणून काम झालं की साध्या लोहचुंबकाने ती पाण्यातून ओढून काढता येते आणि पुन्हा वापरता येते. प्रयोगात तीसदा वापरली. विद्यार्थ्याने खाली टीसीएलबद्दल, म्हणजे पाणी शुद्ध करायला टाकतात त्या ब्लीचिंग पावडरीबद्दल, लिहिलं होतं, "सर, आता टीसीएलची कटकट संपली."

बातमी खरी आहे. मी तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवतोय, आणि प्रकाशाने जिवाणू मारणाऱ्या या सूक्ष्म पदार्थांइतकी आशा मला फार थोड्या गोष्टींनी दिली आहे. म्हणूनच सांगतो की टीसीएलची कटकट संपलेली नाही. खान्देशात पोटाचे आजार पसरतात ते दिवस आणि हा पदार्थ ज्यावर चालतो ते ऊन, यांची भेटच होत नाही. या पदार्थांची परीक्षा आषाढ-श्रावणातल्या गढूळ पाण्यात, ढगाखाली झाली पाहिजे. ती इथल्याच प्रयोगशाळांनी घेतली पाहिजे. आणि ती पास होईपर्यंत टीसीएलच्या पिशवीला आणि ती पाण्यात टाकणाऱ्या माणसाच्या पगाराला कोणी हात लावता कामा नये.

आधी हा पदार्थ काय करतो ते बघू, कारण ते खरोखर सुंदर आहे. उन्हाने जिवाणू मरतात हे डाउन्स आणि ब्लंट या दोघांनी १८७७ सालीच दाखवलं होतं. आपल्या आज्यांनी गोधड्या उन्हात घातल्या त्यामागचं शास्त्रही तेच. १९८० साली बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठातल्या आफ्तिम अक्रा यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुलाबाच्या रुग्णांना द्यायचं मीठ-साखरेचं पाणी नुसतं उन्हात ठेवून निर्जंतुक करून दाखवलं. पुढे स्वित्झर्लंडच्या संशोधकांनी त्यावरून पीईटी प्लॅस्टिकच्या पारदर्शक बाटल्यांची पद्धत बसवली. बाटली पत्र्यावर आडवी ठेवायची, स्वच्छ ऊन असेल तर सहा तास, निम्म्याहून जास्त आभाळ भरलेलं असेल तर सलग दोन दिवस. पाणी पन्नास अंशांच्या पुढे तापलं तर तासाभरातही काम होतं. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात पत्र्यावर हात ठेवून बघितलेल्या माणसाला हे पटवून द्यावं लागत नाही.

सूक्ष्म पदार्थांचं काम याच्या पुढचं. भिंतीच्या पांढऱ्या रंगात असते ती टायटॅनियम डायॉक्साइडची पावडर अगदी बारीक, नॅनो आकाराची करून पाण्यात ठेवली आणि तिच्यावर अतिनील प्रकाश पडला, की तिच्यातला इलेक्ट्रॉन उडी मारून वर जातो आणि मागे रिकामी जागा राहते. हा उडालेला इलेक्ट्रॉन पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनला गाठतो, रिकामी जागा पाण्याच्याच रेणूकडून इलेक्ट्रॉन ओढून घेते, आणि त्यातून हायड्रॉक्सिल रॅडिकलसारखे अतिशय आक्रमक कण तयार होतात. ते समोर येईल त्याच्यावर तुटून पडतात. जिवाणूचं आवरण फाटतं, आतली प्रथिनं आणि डीएनए मोडतो. फुजिशिमा आणि होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी टायटॅनियम डायॉक्साइडची ही प्रकाशशक्ती १९७२ साली दाखवली, आणि १९८५ साली मात्सुनागा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिने जिवाणू मरतात हे सिद्ध केलं. एकाच वेळी इतक्या ठिकाणी घाव बसतो की जिवाणूला त्याविरुद्ध सवय लावून घेणं कठीण जातं. प्रतिजैविकांना न जुमानणारे जिवाणू वाढत असताना ही गोष्ट लहान नाही.

अडचण एवढीच की टायटॅनियम डायॉक्साइडला अतिनील किरण लागतात आणि उन्हात त्यांचा वाटा जेमतेम चार-पाच टक्के. म्हणून गेली वीस-पंचवीस वर्षं सगळी धडपड दृश्य प्रकाशावर, म्हणजे आपल्याला दिसतो त्या उजेडावर चालणारा पदार्थ शोधण्याची आहे. कोणी टायटॅनियममध्ये नायट्रोजन मिसळला, कोणी कार्बन नायट्राइड घेतलं. स्टॅनफर्डच्याच गटाने २०१६ साली मोलिब्डेनम सल्फाइडचे उभे पातळ पापुद्रे तांब्याच्या जोडीने वापरून वीस मिनिटांत जिवाणू मारले होते. वीस मिनिटांचं एक मिनिट व्हायला सात वर्षं लागली. या चिकाटीला माझा नमस्कार आहे.

हा पदार्थ खान्देशात यावा असं मला का वाटतं, त्याचं एक कारण मला साक्री तालुक्यातल्या एका आजीने दिलं. जलसुरक्षकाच्या, म्हणजे गावाच्या पाण्यात टीसीएल टाकणाऱ्या माणसाच्या, प्रशिक्षणासाठी तिथे गेलो होतो. टाकीत टीसीएल टाकलं, अर्धा तास थांबलो, पाण्यात क्लोरिन उरलंय का हे दाखवणारी ओटी टेस्ट केली, नळीतलं पाणी छान पिवळं झालं. मी खूश. शेजारच्या ओट्यावर बसलेल्या आजींनी नळाचं पाणी ओंजळीत घेतलं, नाकाजवळ नेलं आणि सोडून दिलं. "भाऊ, या पानीले औसदना वास येस." त्या घरात त्या दिवसापासून शेतातल्या उघड्या विहिरीचं पाणी येऊ लागलं. आजींना अडाणी म्हणून मोकळं होता येत नाही. टीसीएल जास्त पडलं की पाण्याला खरोखर वास येतो, चव बदलते, डाळ शिजताना वेगळी लागते. लोकांनी नाकारलेलं शुद्ध पाणी कोणाच्याच पोटात जात नाही. प्रकाशाने शुद्ध झालेल्या पाण्याला वास नाही, चव नाही. आजी ते प्यायल्या असत्या.

दुसरं कारण टीसीएलच्या पिशवीतच आहे. पिशवीवर क्लोरिन ३३ टक्के लिहिलेलं असतं. ही पावडर ऊन, दमट हवा आणि उघडं तोंड यांनी झपाट्याने मरते. मार्चमध्ये आलेली पिशवी ग्रामपंचायतीच्या खिडकीखाली अर्धी उघडी पडलेली असते, मेमध्ये पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो, आणि जूनमध्ये पहिल्या पावसानंतर गाव साथीच्या भीतीने तीच पिशवी काढतं. एका वर्षी माझ्या विद्यार्थ्यांनी अशाच एका पिशवीतली पावडर प्रयोगशाळेत आणून थायोसल्फेटने टायट्रेशन केलं. क्लोरिन लिहिलेल्याच्या निम्मंही निघालं नाही. जलसुरक्षकाने हजार लिटरला ठरलेले ग्रॅम अगदी मोजून टाकले होते. माणूस चुकला नव्हता, पावडर मेली होती. बाजारातून पुन्हा पुन्हा आणावं लागत नाही, वापरून संपत नाही, असा पदार्थ याला उत्तर ठरू शकतो. शिवाय क्रिप्टोस्पोरिडियमसारखे काही परजीवी क्लोरिनला दाद देत नाहीत, त्यामुळे क्लोरिन म्हणजे सगळ्यावरचा इलाज असं मीही म्हणणार नाही.

आता त्या झिऱ्यावर परत येऊ. समजा, ती एका मिनिटाची पावडर त्या दिवशी माझ्या खिशात असती.

आभाळ सकाळपासून काळं होतं. सातपुड्यात झड लागली की आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. प्रयोगातलं ते एक मिनिट स्वच्छ, भर उन्हातलं आहे. दाट ढगाखाली उजेड किती पटींनी घटतो हे डोळ्यांनाही कळतं, आणि त्या प्रमाणात मिनिटाचे किती होतात हे आपल्या ढगाखाली मोजल्याशिवाय कळणार नाही. बाटलीच्या पद्धतीची मार्गदर्शिका या बाबतीत प्रामाणिक आहे. सलग पाऊस असेल तर ही पद्धत वापरू नका, असं ती स्पष्ट सांगते.

त्यातून पाणी गढूळ. प्रकाश मातीच्या कणांवर आपटतो आणि विखुरतो. जिवाणू त्या कणांच्या आडोशाला, कधी कणांच्या भेगांत बसलेले असतात, आणि रॅडिकल कण आपल्या जन्मस्थानापासून पाऊलभरही जात नाहीत. त्यांचं आयुष्य सेकंदाच्या अब्जाव्या भागांत मोजतात. जिवाणू पदार्थाला टेकला तरच घाव बसतो. गढूळपणा एनटीयू या एककात मोजतात. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक १ एनटीयू मागतं, दुसरा स्रोतच नसेल तर ५ पर्यंत चालवून घेतं. उन्हातल्या बाटलीसाठी ३० ही मर्यादा आहे. ती घरच्या घरी बघायची युक्तीही आहे. भरलेली बाटली वर्तमानपत्राच्या मथळ्यावर उभी ठेवायची आणि तोंडातून खाली बघायचं. मथळ्याची अक्षरं वाचता आली तर पाणी चालेल. त्या पाड्यावर ताईंच्या कपाटातल्या जुन्या वर्तमानपत्रावर मी हे करून बघितलं. अक्षरं सोडाच, कागद कुठे संपतो तेही दिसलं नाही.

आणि पाणी नितळ झालं तरी ते आपल्या दगडाचं पाणी असतं. खान्देशाचा बराच भाग दख्खनच्या काळ्या कातळावर बसलेला आहे. या कातळातून झिरपलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि बायकार्बोनेट भरपूर. आपल्या पातेल्यांच्या तळाशी पांढरा थर बसतो तो त्याचाच. हे बायकार्बोनेट हायड्रॉक्सिल रॅडिकल पटापट गिळतं. जिवाणूवर पडायचा घाव त्याच्यावर वाया जातो. कुजलेल्या पालापाचोळ्यातून येणारे सेंद्रिय पदार्थही तेच करतात, आणि पहिल्या पावसाच्या पाण्यात ते सगळ्यात जास्त. बरेच शोधनिबंध वाचताना मी आधी एकच ओळ शोधतो: पाणी कुठलं घेतलं? पुष्कळदा उत्तर येतं, डिस्टिल्ड पाण्यात किंवा सलाइनमध्ये वाढवून सोडलेले ई-कोलाय. त्या पाण्यात बायकार्बोनेट नाही, गाळ नाही, पाला नाही. त्यात मिळालेलं ९९.९९९ खोटं नाही. पण ते पाणी कोणत्याच पाड्यावर प्यायला मिळत नाही.

इथे मला बांगलादेशातलं एक काम आठवतं. जुन्या सुती साडीची घडी करून, आठ पदर होतील अशी, तिच्यातून पाणी गाळलं तर कॉलरा किती कमी होतो हे रीटा कॉलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासलं. मतलब भागातल्या ६५ गावांत, खऱ्या बायकांच्या खऱ्या घागरींवर. कॉलरा ४८ टक्क्यांनी कमी झाला, असं त्यांनी २००३ साली छापलं. साडीत नॅनो काहीच नाही. कॉलऱ्याचे जिवाणू ज्या बारीक पाणकिड्यांना चिकटून असतात ते किडे त्या पदरांत अडकतात. ४८ हा आकडा ९९.९९९ पेक्षा कितीतरी लहान आहे, पण तो गावात मिळालेला आकडा आहे, म्हणून मी त्याच्यावर जास्त विसंबतो. आमच्या पाड्यांवरही बाया लुगड्याच्या फडक्याने पाणी गाळतात, फक्त ते एकपदरी असतं. आठ पदर होतील अशी घडी घाला, एवढं सांगायला कोणत्याही प्रकल्पाची वाट बघायला नको.

साठवणीचा प्रश्न पाड्यांपुरता नाही, शहरांतही तोच. आमच्या भागातल्या कित्येक गावांत आणि शहरांत नळाला रोज पाणी येत नाही. पाणी सुटलं की जे असेल ते भरून ठेवायचं. गच्चीवरची टाकी, न्हाणीतला ड्रम, पितळी हंडे, स्वयंपाकघरातला माठ. भरलेलं पाणी चार-सहा दिवस पुरवायचं. त्यात रोज पन्नासदा पेला बुडतो, पोरांचे हात बुडतात. टाकीत शुद्ध केलेलं पाणी माठात पुन्हा बिघडतं ते असं. क्लोरिनचा खरा गुण इथे कळतो. थोडंसं क्लोरिन पाण्यात उरतं आणि नंतर आलेल्या जिवाणूंशी लढत राहतं. मानक सांगतं की नळापर्यंत लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम उरलंच पाहिजे, आणि जलसुरक्षक ओटी टेस्टने तेच बघतो. प्रकाशाने केलेल्या शुद्धीत मागे काहीच उरत नाही. ऊन गेलं की पहारा संपला. शिवाय अर्धमेले झालेले काही जिवाणू अंधारात आपला डीएनए दुरुस्त करून पुन्हा वाढू लागतात. पाणी चार-सहा दिवस साठवणाऱ्या खान्देशात हा दोष जितका जाचेल तितका चोवीस तास नळ चालणाऱ्या शहरात जाचणार नाही.

मग हे सांभाळायचं कोणी, हा प्रश्न. मला तोच सगळ्यात मोठा वाटतो.

पांझरेच्या काठावर फडपद्धत काही शतकं चालली. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटावर फड, म्हणजे शेतांचे गट, आणि कोणत्या फडात कोणतं पीक घ्यायचं हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं. बांधकाम चांगलं होतंच. पण ती टिकली ती पाटकऱ्यामुळे आणि जागल्यामुळे. पाणी फिरवणारा माणूस ठरलेला, त्याचा मोबदला ठरलेला, चूक झाली तर जाब विचारणारे लोक ठरलेले. माझ्या डोळ्यांसमोर आलेली पाणी शुद्ध करणारी कितीतरी यंत्रं याच्या उलट मेली. एका आश्रमशाळेत अतिनील दिव्याचं यंत्र बसवलं होतं. उद्घाटनाला मीही टाळ्या वाजवल्या. पुढच्या वर्षी गेलो तर दिवा जळून गेलेला आणि तो कुठे मिळतो हे कोणाला माहीत नव्हतं. पाणी मात्र त्याच पाइपातून येत होतं आणि भिंतीवर शुद्ध पाणी अशी पाटी होती. पाटी नसती तर शिक्षकांनी निदान उकळून तरी दिलं असतं. ते यंत्र नसतं तर बरं, असं मला त्या दिवशी वाटलं आणि आजही वाटतं.

चुंबकाने ओढायच्या पावडरीचंही तेच होईल, याची मला धास्ती आहे. तीसदा वापरायची म्हटल्यावर खेपा कोण मोजणार? चुंबकाला सगळी पावडर चिकटली, थोडीही पाण्यात उरली नाही, हे डोळ्यांनी दिसत नाही. टायटॅनियम डायॉक्साइड वर्षानुवर्षं मिठायांत, च्युइंगगममध्ये पडत होतं, पण २०२२ पासून युरोपियन युनियनने खाण्याच्या पदार्थांत त्यावर बंदी घातली, कारण त्याचे बारीक कण डीएनएला अपाय करत नाहीत याची खात्री तिथल्या तज्ज्ञांना देता आली नाही. पाण्यातल्या प्रत्येक नॅनो पदार्थाला मी विष म्हणत नाही. पोराच्या पेल्यात जायची सुटी पावडर आणि काचेवर पक्की बसवलेली पावडर यांत मी काचेवरचीच घेईन.

कोणी म्हणेल, सर, तुम्ही नव्याच्या आड येताय. जग कुठल्या कुठे गेलं आणि आमचे पाडे अजून ब्लीचिंग पावडरवर. ही तक्रार मला मनाला लागते, कारण ती पाड्यांच्याच बाजूची आहे. पण पाड्यांच्या वाट्याला अर्धवट तपासलेल्या वस्तू येतात हाही त्यांच्यावरचा अन्यायच आहे. पुण्या-मुंबईच्या जलशुद्धीकरण केंद्रात जी वस्तू आधी वर्षभर तपासल्याशिवाय कोणी बसवणार नाही, ती धडगाव-अक्कलकुव्यात एका प्रात्यक्षिकावर का बसवायची?

दुसऱ्या टोकाचे लोकही भेटतात. हे सगळं कागदावरचं, पाणी उकळा आणि प्या, म्हणतात. त्यांनी एकदा झडीत ओल्या लाकडावर सात माणसांचं पाणी उकळून दाखवावं. सरपण आणणारी बाई वेगळी, पाणी आणणारी वेगळी, असं पाड्यावर नसतं. एकच बाई दोन्ही आणते.

मला काय हवं ते सांगतो. जळगावला आमचं विद्यापीठ १९९० सालापासून आहे, त्याची रसायनशास्त्राची शाळा आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार, शिरपूर, अमळनेर इथे विज्ञानाची महाविद्यालयं आहेत. नॅनो पदार्थांवर पीएचडी करणारी मुलं आमच्याकडे कमी नाहीत. त्यांचा पदार्थ मिथिलीन ब्लूचा निळा रंग किती मिनिटांत उडवतो, यावर प्रबंध पुरा होतो. रंग उडवणं चुकीचं नाही, सुरुवात तिथूनच होते. पण त्यानंतरचं एक प्रकरण सक्तीचं करा. तापीचं पाणी, गिरणेचं पाणी, रावेर-यावलच्या बोअरचं पाणी, सातपुड्यातल्या झिऱ्याचं पाणी, आणि यातलं प्रत्येक मे, आषाढ, श्रावण आणि कार्तिकात घेतलेलं. गढूळपणा किती, बायकार्बोनेट किती, ढग किती, आणि एवढं सगळं असताना पाण्यातले जिवाणू किती वेळात मेले, एका रात्रीनंतर किती परत आले. आकडे वाईट आले तर वाईट छापा. चौदा तास लागतात असं निघालं तरी ते आम्हाला कळलं पाहिजे. अशा प्रबंधासाठी परदेशी यंत्र लागत नाही, पाच लिटरचे कॅन आणि एसटीचं तिकीट लागतं.

आणि बसवायचंच तर पहिल्यांदा आश्रमशाळांच्या गच्चीवर बसवा. आधी वाळूची गाळणी, मग पदार्थ काचेवर पक्का बसवलेल्या उथळ तबकांतून वाहणारं पाणी, मग टाकीत नेहमीपेक्षा कमी टीसीएल. पाणी आधीच स्वच्छ असल्यामुळे थोडं क्लोरिन पुरेल, वास येणार नाही, आणि साठवणीतला पहाराही राहील. या दोघांत भांडण लावायची काही गरज नाही. कार्तिक ते ज्येष्ठ, खान्देशाचं ऊन या तबकांना कमी पडणार नाही. साक्रीजवळ शिवाजीनगरला १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प उभा राहिला तो याच उन्हावर. मृग लागला की तबकांवर मोठ्या अक्षरांत लिहायचं, पावसाळ्यात हे चालत नाही, पाणी टीसीएलचंच प्या. मुलांनी ते वाचलं पाहिजे. एचटूएसची बाटली दर सोमवारी शाळेतल्या मुलांनीच भरायची आणि बुधवारी सगळ्यांसमोर बघायची.

जलसुरक्षकाचं मानधन हा तर वेगळाच विषय. गावाचं पाणी ज्याच्या चमच्यावर अवलंबून आहे त्याला ते मानधन महिनोन्‌महिने मिळत नाही, असं प्रशिक्षणात आलेली मुलं मला दरवर्षी सांगतात. साथ आली की ग्रामपंचायतीला पाणी धोक्याचं असल्याचं लाल कार्ड मिळतं आणि बोट या मुलाकडेच जातं. नव्या पदार्थासाठी एक रुपया मंजूर करण्याआधी त्याचे थकलेले रुपये द्या. उद्या तबकं धुणार आहे तोच, आणि काच फुटली तर खाली निरोप पोचवणार आहे तोच.

साक्री तालुक्यात दातर्तीला पांझरेच्या पात्रातून पाण्याचा नळ, म्हणजे सायफन, पार नेण्याचं काम तरुण विश्वेश्वरय्यांकडे आलं होतं. १८८४ साली ते मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले, त्याच सुरुवातीच्या दिवसांतलं हे काम. पावसाने आणि नदीतल्या वाळूने ते अडलं. काम पावसाळ्यानंतर करू, असं त्यांनी सुचवलं, ते वरिष्ठांना रुचलं नाही, आणि मग अडचणींशी झगडत त्यांनी ते पुरं केलं. कागदावरचा सायफन बरोबरच होता. पांझरा पावसाळ्यात काय करते, ते त्यांना काठावर उभं राहूनच समजलं.

ताईंच्या कपाटातली ती काळी बाटली मी सोबत घेऊन आलो. माझ्या टेबलावर ती अजून आहे, तारीख आणि पाड्याचं नाव लिहिलेली पट्टी लावून. विद्यार्थ्याला मी उत्तर पाठवलं: पावडर करायला शीक, मी पाणी आणतो. तो आता एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि काचेच्या पट्ट्यांवर कार्बन नायट्राइडचा थर बसवायच्या खटपटीत आहे. दोनदा थर पाण्यात सुटून आला, तिसऱ्यांदा टिकला. येत्या आषाढात पहिली झड लागली की आम्ही दोघं वर जाणार आहोत, रिकामे कॅन घेऊन. ताईंना तसा निरोप दिला आहे.